कॅमेरा हलवून लाइट पेंटिंग: रेषा तुटक येतात, इमारत हरवते

रातकिडा: लाइट पेंटिंग, म्हणजे शटर उघडं ठेवून दिव्यांच्या रेषा फोटोत उमटवणं. रोषणाई केलेली इमारत आहे. दिवे जागच्या जागी, हलवायचा कॅमेरा. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ४००, एफ ४, शटर १० सेकंद, कॅमेरा हातात. आकाश राखाडी येतं, रेषा जाड आणि पांढऱ्याफटक, काही तर नुसते ठिपके. इमारत स्पष्ट हवी आणि दिव्यांच्या रेषा तिच्यातून वर निघालेल्या हव्यात. काय बदलू?

तिपाई: हलत्या दिव्याची रेषा किती उजळ येणार हे अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान), आयएसओ आणि कॅमेरा फिरवण्याचा वेग यांवर ठरतं. शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तर रेषा फक्त लांबते. आकाश मात्र दर सेकंदाला उजळत जातं. म्हणून आयएसओ १०० आणि एफ ११ वर या. हे पाच स्टॉप झाले (प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा), म्हणजे प्रकाश ३२ पट कमी. रेषांमध्ये दिव्यांचा रंग दिसू लागेल.

नुसती नक्षी हवी असेल तर हातात चालतं. इमारत हवी तर ट्रायपॉडच. फोकस मॅन्युअल, स्टॅबिलायझेशन म्हणजे थरथर रोखणारी सोय बंद (नाहीतर हालचाल सुरू होताना ते उलट ओढतं आणि रेषेला झटका बसतो). शटर बल्ब मोडवर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं), केबल रिलीज (तारेने जोडलेलं बटण) लॉक. इमारतीसाठी ४ ते ८ सेकंद कॅमेरा स्थिर ठेवा. मग लेन्सला धक्का न लावता समोर काळा पुठ्ठा धरा, ट्रायपॉडचं हेड (कॅमेरा बसतो तो फिरणारा भाग) सैल करा, पुठ्ठा काढा आणि एक-दोन सेकंदांत कॅमेरा खाली झुकवा. हो, खालीच, फोटोत दिवे उलट्या दिशेला सरकतात. हात थांबायच्या आधी पुठ्ठा परत समोर आणा, नाहीतर प्रत्येक रेषेच्या टोकाला जळका ठिपका येतो.

शंभर_हर्ट्झ: ठिपक्यांचं कारण कॅमेऱ्यात नाही. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेरा जितका वेगात, तितके ठिपके लांब लांब. हळू फिरवलं की ते जुळतात, पण रेषा उजळतात, तेव्हा एफ १६ करा. तारेच्या जुन्या बल्बची रेषा सलग येते, कारण तार तेवढ्यात थंड होत नाही. मला विचाराल तर ठिपकेही वाईट दिसत नाहीत.

रातकिडा: खालच्या मजल्यांचे दिवे वरच्या मजल्यांवरून ओढले जातात. हे टाळता येईल?

तिपाई: येईल. हालचालीच्या टप्प्यात फ्रेमच्या ज्या भागात इमारत नोंदली गेली आहे तो झाका. काळ्या कागदाचा तुकडा लेन्स हुडच्या (लेन्सच्या पुढच्या कड्याच्या) खालच्या अर्ध्यावर टेपने लावा, म्हणजे तो कॅमेऱ्याबरोबरच फिरेल. हे समोर पुठ्ठा असतानाच करायचं. कागद लेन्सच्या जवळ असला की कड धूसर राहते, तेच हवं. एफ १६ ला ती जास्त ठसठशीत होते, तेव्हा आधी एक चाचणी घ्या. टेप लावताना ट्रायपॉड हलला तरी बिघडत नाही, इमारत आधीच नोंदली गेलेली असते.

गोलगोल: लेन्सला ट्रायपॉड कॉलर (लेन्सभोवतीचं, ट्रायपॉडला बसणारं कडं) असेल तर तिचा स्क्रू सैल करून बॉडी फिरवून बघा. मधला दिवा ठिपकाच राहतो, बाकीच्यांच्या कमानी होतात, कडेला सर्वात लांब. फोनवर करणार असाल तर नाइट मोड नको, तो फ्रेम एकमेकींवर जुळवून हालचालच पुसून टाकतो. प्रो मोडमध्ये शटर हाताने लावा.