छोट्या वाचनालयासाठी अ‍ॅप काढावं की ई-रीडर घ्यावेत?

मधलं_पान:
नमस्कार मंडळी. मी एका छोट्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. ग्रंथपालबाई एकट्या, जोडीला अर्धवेळ मदतनीस. गेल्या दोन बैठका एकाच विषयावर गेल्या: वाचक मोबाइलवर गेला, आता आपण काय करायचं? निम्मे म्हणतात, स्वतःचं अ‍ॅप काढू. निम्मे म्हणतात, पाच-सहा ई-रीडर घेऊ आणि पुस्तकांसारखे घरी देऊ. पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत. सगळ्या पुस्तकांच्या नोंदी संगणकावर आहेत, पण सूची मोबाइलवर उघडली की अक्षरं मुंगीएवढी होतात आणि शोधायचं बटण पडद्याबाहेर जातं. कुणी या भानगडीतून गेलं असेल तर सांगा.
आणि एक बाळबोध शंका. ई-पुस्तक एका वेळी एकालाच का मिळतं? फाइलच आहे ना ती?

देवघेव_खिडकी:
सोळा वर्षं देवघेवीच्या खिडकीत बसलो, त्या जोरावर सांगतो. दोन्ही नको. ते पडद्याबाहेर गेलेलं बटण आधी आत आणा.

वाचक मोबाइलवरून ग्रंथालयाला तीनच गोष्टी विचारतो. अमुक पुस्तक आहे का, माझं कधी परत करायचंय आणि मुदत वाढवून मिळेल का. या तिन्हींना अ‍ॅप लागत नाही. सूचीचं पान फोनच्या रुंदीप्रमाणे मांडलं जायला हवं, एवढंच. जुनं सॉफ्टवेअर असेल तर कोहा हे ग्रंथालयांसाठीचं सॉफ्टवेअर बघा. 1999 साली न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी त्याचं काम सुरू झालं. ते मुक्त (ओपन सोर्स) आहे आणि त्याच्या नव्या आवृत्त्यांची सूची फोनवर नीट दिसते. मुदत संपायच्या आधी आठवणीचा ईमेल किंवा एसएमएस पाठवायची सोयही त्यात आहे. आमच्याकडे ही आठवण सुरू झाली आणि दंडावरून होणारी भांडणं जवळपास थांबली.

अ‍ॅप आम्ही केलं होतं. देखणं होतं. फोनची प्रणाली दोनदा बदलली आणि ते उघडेनासं झालं. बनवणारा फोन उचलेना, आणि लोक ओरडायला माझ्या खिडकीशी.

ई-रीडरही करून झाले. सहा घेतले. पहिल्या महिन्यात दोन चार्जर गेले, ते ठीक. एका गृहस्थांनी त्यावर स्वतःचं खातं जोडलं आणि ते न काढताच परत केला. दुसऱ्यांनी कादंबरीतल्या खलनायकाला टिपणांत इतक्या शिव्या घातल्या होत्या की पुढच्या बाईंनी मला बोलावून वाचून दाखवल्या. कागदी पुस्तक असतं तर खोडरबर फिरवलं असतं. इथे प्रत्येक परतीनंतर यंत्र कोरं करा, पुन्हा जोडा, पुस्तकं पुन्हा उतरवा. एकेकाला अर्धा तास. शिवाय दुकानातून वैयक्तिक खात्यावर घेतलेलं ई-पुस्तक बहुधा त्या माणसापुरतंच असतं. ते दहा जणांत फिरवण्याआधी अटी वाचा.

आता तुमची शंका, बाळबोध मुळीच नाही. कागदी प्रत विकत घेतली की ती आपली, फाटेपर्यंत फिरवा. ई-पुस्तकाचा आपण फक्त परवाना घेतो, आणि त्यात बहुतेकदा 'एक प्रत, एक वाचक' अशी अट असते. म्हणून फाइललाही रांग लागते. हार्परकॉलिन्स या प्रकाशकाने 2011 मध्ये ठरवलं की 26 वेळा दिलं की परवाना संपला, पुन्हा घ्या. दोन आठवड्यांची मुदत धरली तर बरोबर वर्ष भरतं. मॅकमिलन या दुसऱ्या प्रकाशकाने 2019 मध्ये नवं ई-पुस्तक पहिले आठ आठवडे प्रत्येक ग्रंथालय-व्यवस्थेला एकच प्रत, मग ती व्यवस्था कितीही मोठी असो, असा नियम आणला. ग्रंथालयांनी बहिष्कार टाकले, आणि 2020 च्या मार्चमध्ये तो मागे घ्यावा लागला.

चष्मा_कुठेय:
खिडकीवाल्यांचं बाकी सगळं मान्य, पण ई-रीडरला इतक्यात निकालात काढू नका. माझ्या सासूबाईंची नजर अधू झाली. मोठ्या टायपातली पुस्तकं मिळतात किती! ई-रीडरवर कुठलंही पुस्तक मोठ्या टायपाचं होतं. आता त्यांच्या एका पानावर जेमतेम वीस-पंचवीस शब्द मावतात, पण दुपारभर वाचत असतात. सहा नकोत, दोन घ्या आणि ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठीच ठेवा.
मात्र स्कॅन केलेले पीडीएफ त्यावर भरू नका. ते पानाचं छायाचित्र असतं. अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते, आणि दर ओळीला पान इकडून तिकडे सरकवत बसावं लागतं. ईपब या ई-पुस्तकाच्या फाइलप्रकारात मजकूर पडद्याप्रमाणे नव्याने मांडला जातो. सासूबाईंनी पहिला पीडीएफ पाचव्या मिनिटाला माझ्या हातात परत दिला होता.

शून्य_टक्के_चार्ज:
यंत्र घेण्याआधी ते ग्रंथालयाची पुस्तकं उघडतं का, ते बघा. ओव्हरड्राइव्ह ही ग्रंथालयांना ई-पुस्तकं पुरवणारी सेवा. तिच्यावरची ग्रंथालयाची पुस्तकं अमेझॉनच्या किंडल या ई-रीडरवर 2011 पासून मिळतात, पण फक्त अमेरिकेतल्या ग्रंथालयांची. कोबो कंपनीच्या बऱ्याच ई-रीडरांत ओव्हरड्राइव्ह आतच असतं. इतर यंत्रांसाठी एक चिमुकली फाइल उतरते. ती पुस्तक नव्हे, पुस्तकाची पावती. ती संगणकावर अडोबीच्या प्रोग्राममध्ये उघडायची, मग खरं पुस्तक येतं, मग तारेने यंत्रात न्यायचं. हे वाचकाला खिडकीत उभ्याउभ्या समजावून बघा एकदा. फोनवर ओव्हरड्राइव्हच्या लिबीसारखं तयार अ‍ॅप असेल तर हा व्याप नाही.

मधलं_पान:
सगळ्यांचे आभार. काल बैठकीत हे सगळं वाचून दाखवलं. शिव्यांच्या टिपणांवर अध्यक्ष इतके हसले की अ‍ॅपचा ठराव मांडायचा राहूनच गेला. सूची आधी, मग दोन ई-रीडर, असं ठरलंय. खिडकीवाले काका, एवढंच सांगा, आठवणीचा एसएमएस किती वाजता पाठवायचा?

देवघेव_खिडकी:
सकाळी दहानंतर. आम्ही सुरुवातीला रात्री नऊला पाठवायचो. लोक लगेच मुदतवाढीसाठी फोन करायचे, आणि खाली नंबर माझा होता.