हिवाळ्यात जपानच्या खेड्यापाड्यांतून एकट्याने, रेल्वे आणि बसने: आपापले अनुभव सांगा

जानेवारीच्या शेवटी एकटाच जपानला निघालोय. टोकियो-क्योटो नाही, आयझू, यामागाता, आओमोरी असं उत्तरेकडे सरकत जायचं, जमलं तर शेवटी दक्षिणेला ओसाकाजवळचं कोयासान हे डोंगरावरचं मंदिरांचं गाव. बर्फात गाडी चालवायची नाही हे पक्कं आहे, त्यामुळे सगळा भरवसा लोकल रेल्वे आणि गावच्या बसवर. वेळापत्रकं बघून झालीत. पण वेळापत्रकात दिसणारी गाडी आणि खरोखर सुटणारी गाडी यांतलं अंतर तिथे हिवाळा काढलेल्यांनाच ठाऊक. खाणं, राहणं, अडकणं, जे अनुभवलंत ते लिहा. लांबलं तरी चालेल.

नीगाताला नोकरी करणारा सोलापूरकर

तुमच्या बेतात तादामी लाइन ही रेल्वे असणारच, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. आयझू-वाकामात्सू ते कोइदे, १३५ किलोमीटर, चार-साडेचार तास. जुलै २०११च्या पुरात पूल वाहून गेले, मधला तुकडा अकरा वर्षं बंद होता आणि १ ऑक्टोबर २०२२ला पुन्हा सुरू झाला. त्या तुकड्यावर दिवसाला जेमतेम तीन गाड्या जातात आणि तीन येतात.

आता महत्त्वाचं. तादामीच्या पुढे नीगाताच्या बाजूला घाट आहे आणि तिथला २५२ क्रमांकाचा रस्ता हिवाळाभर बंद असतो. रेल्वे थांबली की पर्यायी बस मिळत नाही, कारण बस जायला रस्ताच नसतो. आणि बर्फ जोरात आला की रेल्वे थांबतेच, कधी कधी सलग काही दिवस. म्हणून माझं कळकळीचं सांगणं: तादामी लाइन पलीकडे पोचायचं साधन म्हणून धरू नका. आयझूहून कावागुचीपर्यंत जा, पूल आणि नदी डोळे भरून पाहा, त्याच बाजूने परत या. नीगाता गाठायचंच असेल तर बानएत्सू लाइनने या.

दुसऱ्या दिवसाची गाडी रद्द होणार असेल तर बऱ्याचदा आदल्या संध्याकाळीच जाहीर होतं. ‘उन्क्यू’ (गाडी रद्द) हा शब्द लिपीसकट ओळखायला शिका, फलकावर तोच दिसतो. मी रोज रात्री आधी उद्या कुठे मुक्काम शक्य आहे ते बघतो आणि मग कुठे जायचं ते ठरवतो. डब्यात सीटखाली हीटर असतो, ओले बूट तिथेच वाळतात. काच मात्र वाफेने भरते, हातात रुमाल ठेवा.

कोल्हापूरची निवृत्त शिक्षिका

भाऊ, मी साठीच्या उंबरठ्यावर एकटी गेले होते, त्यामुळे राहण्याबद्दल मी सांगते. पारंपरिक र्योकानमध्ये, म्हणजे जपानी पद्धतीच्या मुक्कामाच्या घरात, एकट्या माणसाला खोली द्यायला काही जण नाखूश असतात, शनिवारी तर जास्तच. सोमवार ते गुरुवार सहज मिळते. रात्रीचं जेवण सहा-साडेसहाला मांडलं जातं आणि ते पाहुण्यासाठी मोजून रांधलेलं असतं. पोचायची वेळ आधी कळवा, उशीर होणार असेल तर फोन करा. स्टेशनवरून न्यायला गाडी पाठवतात का तेही तेव्हाच विचारा. कित्येक ठिकाणी पाठवतात, फक्त आधी सांगावं लागतं.

आओमोरीहून बसने सुकायू ओन्सेनला, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्याच्या ठिकाणी, गेले होते. फेब्रुवारी २०१३मध्ये तिथे ५६६ सेंटिमीटर बर्फाची नोंद झाली होती. हिवाळ्यात तिथून पुढचा डोंगररस्ता बंद, म्हणजे बस जिथे थांबते तिथेच तुमचाही मुक्काम. मोठं लाकडी स्नानगृह स्त्री-पुरुषांचं सामायिक आहे, पण बायकांसाठी सकाळी आणि रात्री राखीव वेळ आहे. भगिनींना एक सांगते: पाण्यात गंधक असतं. जोडवी, पैंजण, चांदीचं जे काही असेल ते खोलीतच काढून ठेवा, नाहीतर पार काळं पडतं.

एकटी म्हणून भीती कुठेच वाटली नाही. पण डिसेंबरात त्या भागात सव्वाचारलाच सूर्य मावळतो, जानेवारीअखेर पावणेपाचच्या सुमारास. अनोळखी गावात तीनच्या आत पोचायचं हा नियम मी मोडला नाही.

सेंदाईत शिकणारा, मूळचा नांदेडचा

तिकिटांचं सांगतो. जुन्या प्रवासवर्णनांतले आकडे विसरा. ऑक्टोबर २०२३पासून सात दिवसांचा देशभराचा जेआर (जपान रेल्वे) पास २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. तुमच्यासारख्या रमतगमत प्रवासात तो वसूल होणं अवघड. विभागीय पास किंवा सुटी तिकिटं बरी. सेइशुन १८ हे लोकल गाड्यांचं स्वस्त तिकीटही २०२४च्या हिवाळ्यापासून बदललंय. पूर्वी मुदतीतले कुठलेही पाच दिवस निवडता यायचे, आता सलग तीन किंवा सलग पाच दिवसच. मधे बर्फाने अडकलात तर तो दिवस गेला. शिवाय हिवाळ्यातली त्याची मुदत जानेवारीच्या दहाएक तारखेला संपते, म्हणजे तुमच्या कामाचं नाही.

गावच्या बसमध्ये बहुतेक ठिकाणी मागच्या दाराने चढायचं. दाराशी छोटं यंत्र असतं, त्यातून आकडा छापलेली चिठ्ठी घ्यायची. ड्रायव्हरच्या डोक्यावर फलक असतो. तुमच्या आकड्याखालची रक्कम थांब्यागणिक वाढत जाते. उतरताना चिठ्ठी आणि पैसे काचेच्या पेटीत टाकायचे. सुट्टे देणारं यंत्र तिथेच असतं, पण ते सहसा हजाराचीच नोट घेतं. दहा हजाराची नोट घेऊन खेड्यातल्या बसमध्ये चढू नका. सुइका कार्ड (रेल्वे-बसचं भाडं भरायचं कार्ड) अनेक आडवाटांवर चालत नाही.

छोट्या रेल्वेतही असंच. माणूस नसलेल्या स्टेशनवर बहुधा पहिल्या डब्याचं पुढचं दारच उघडतं, आणि ते बटण दाबून उघडावं लागतं. स्टेशन यायच्या आधीच पुढे जाऊन उभे राहा.

आणि वार बघा! शनिवार-रविवार आणि सुट्टीचं वेळापत्रक वेगळं असतं. काही बस त्या दिवशी सुटतच नाहीत.

शाकाहारी नाशिककर

खेड्यात शाकाहारी म्हणून सांगितलं तरी माशाचं दाशी (उकळून काढलेला अर्क) सूपमध्ये, भाजीत, सॉसमध्ये असतंच. त्यांच्या दृष्टीने तो मासा नव्हेच, त्यामुळे रागावण्यात अर्थ नाही. माझा आधार म्हणजे मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत गरम होणारा साधा भात, त्यावर घरचं मेतकूट आणि लिंबाचं लोणचं. कच्चे तांदूळ-डाळी इथून नेऊ नका, वनस्पती-तपासणीचा दाखला लागतो.

कोयासानला मात्र नक्की जा. तिथे मंदिरात राहायचं, आणि जेवण भिक्षूंचं, शोजिन र्योरी: कोंबू (समुद्री शेवाळ) आणि शिताके (अळंबी) यांचा रस्सा, तिळाचं तोफू, कांदा-लसूणही नाही. ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून केबल रेल्वे आणि वर बस. वरच्या स्टेशनापासून गावात येणाऱ्या बसच्या रस्त्यावर चालायला मनाई आहे, तेव्हा बसच धरा. उंची आठशे मीटरच्या आसपास. मंदिराच्या ओसरीवर मोज्यांतूनही पाय बधिर होतात, जाड लोकरीची एक जोडी निव्वळ घरात वापरायला ठेवा. पहाटेची प्रार्थना चुकवू नका.

आपल्याकडच्या माणसाने आणखी एक पाहावं. कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ साली उभारलेला. दोन हजार वर्षांमागे अजिंठ्यात खोदकाम करणाऱ्यांच्या मुलखातून मी तिथे गेलो आणि बर्फाळ डोंगरावर बाबासाहेबांना नमस्कार केला. मला फार भरून आलं.

आओमोरीत राहिलेली पुणेकर

त्सुगारू रेल्वेची शेगडीची गाडी डिसेंबर ते मार्च धावते, गोशोगावाराहून नाकासातोपर्यंत, साधारण वीस किलोमीटर. डब्यात कोळशाची शेगडी, तिच्यावर सुके स्क्विड भाजून देतात. सुक्या मासळीसारखा वास डबाभर पसरतो आणि खाणाऱ्या सगळ्यांची आपसूक ओळख होते. शेगडीच्या डब्याचं तिकीट वेगळं घ्यावं लागतं.

गोनो लाइन समुद्राला चिकटून जाते. तिला बर्फापेक्षा वाऱ्याचं भय जास्त. लाटा उसळल्या की बंद. अकिता ते आओमोरी त्याच दिवशी गाठायचंच असेल तर आतल्या ओउ लाइनने जा. समुद्र बघायला वेगळा, मोकळा दिवस ठेवा.

सेंदाईचा नांदेडकर, पुन्हा

सामानाचं राहिलं. मोठी बॅग ताक्क्यूबिनने (सामान पोचवणाऱ्या कुरियर सेवेने) पुढच्या मोठ्या गावच्या हॉटेलवर पाठवा आणि पाठीवर दोन-तीन दिवसांचं घेऊन फिरा. बर्फाच्या दिवसांत पार्सललाही उशीर होतो, म्हणून औषधं, पासपोर्ट आणि कोरडे मोजे त्या बॅगेत टाकू नका.