वयात आलेली मुलं आणि बरोबर-चूक: तुमचे अनुभव

लेक दहावीत आहे. मैत्रिणीने सायन्सचं जर्नल उतरवायला मागितलंय, देऊ का म्हणून विचारत होती. ‘नको’ म्हणून मोकळा झालो असतो, पण मग तिने पुढच्या वेळी विचारलंच नसतं. तुमच्या घरी अशा वेळी काय झालं? उपदेश नको, घडलेलं लिहा.

खडू-फळा
देऊ द्या हो. आमची अख्खी बॅच एका जर्नलवर पास झाली.

नाशिककर आई
आमच्याकडे स्कूटीवरून महाभारत. मुलगा १६ चा, ‘क्लासला सगळेच गाडीने येतात.’ बाबांचं ‘नाही म्हणजे नाही’. मी त्याला कायदाच वाचायला दिला. १६ व्या वर्षी लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, आमची ११० ची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, त्याला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. सगळं वाचून म्हणतो, “पण पकडलं तरच ना?”

खरा प्रश्न हाच होता. म्हटलं, बरं, नाही पकडलं. सिग्नलला एखादी आजी आडवी आली तर? बराच वेळ गप्प. मग, “तिचा खर्च कोण देणार?” त्यावर तासभर बोललो, बाबासुद्धा.

आता गाडी मागत नाही. मित्राच्या मागे बसून जातो. मित्रही १६ चाच! “मी कुठे चालवतोय?” बोला आता.

खडू-फळा
चेष्टा पुरे, एक खरंच सांगतो. बोर्डाच्या आधी एक मुलगा आला. मागचा म्हणे पेपर दाखव, नाहीतर बाहेर बघून घेतो. त्याला कॉपी वाईट हे सांगायची गरजच नव्हती, नकार द्यायला निमित्त हवं होतं. म्हटलं, माझं नाव सांग, ‘सर माझ्यावरच डोळा ठेवून आहेत’ म्हण. चाललं ते.

दोन पोरांचा बाप
धाकटा नववीत. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका मुलीच्या फोटोचे घाणेरडे स्टिकर फिरत होते. “मी ग्रुप सोडला, झालं की,” म्हणाला. तिला माहीत आहे का, एवढंच विचारलं. दोन दिवस घुश्शात होता, मग स्वतःच बाईंना जाऊन सांगितलं. शाळेने पालकांना बोलावलं, तर त्यातले दोघे बाप हसून म्हणाले, “पोरं आहेत, चालायचंच.” आता यांना कोण समजावणार?