तुमचा पहिला छोटा कॅमेरा कुठे आहे आता?

माळ्यावरचा:
चवथीची साफसफाई चाललीय. काल माळ्यावरून माटोळीची चौकट (गणपतीवर फळं-फुलं टांगतो ती) काढताना बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा हाताला लागला. आत माझा कॅननचा पॉवरशॉट ए४८०! २००९ साली पणजीत नोकरीला लागलो, तेव्हा तिसऱ्या पगारातून घेतलेला. पेन्सिल सेल आतच विसरलेलो, ते गळून खणात पांढरं साचलेलं. (चूक माझीच.) कापसाच्या बोळ्याला थोडा व्हिनेगर लावून पुसलं, नवे सेल घातले, आणि चालू झाला की! कार्डात आजी. मागीलदारी बसून नारळ सोलतेय आणि माझ्यावर खेकसतेय. तिचा यापेक्षा चांगला फोटो आमच्या घरात नाही.

भाची शेजारीच होती. "मामा, कॉलेजात सगळ्यांकडे असलेच आहेत आता, मलाही घ्यायचाय." बजेट बेताचं, रोज पर्समध्ये टाकून न्यायचाय. तर तुम्ही काय घेतलेलं, कशाला भुललात, लिहा.

केप्याची काकू:
कुकर लावून लिहितेय. आम्ही मेगापिक्सेलला भुललो. दुकानदार म्हणाला १६ घ्या, १० आता जुने झाले. संध्याकाळी तुळशीपाशी दोन्हींनी काढून पाहिलं तर जावेचा १० वालाच स्वच्छ. मुलाने सांगितलं, आतला उजेड टिपणारा सेन्सर दोन्हींत तेवढाच, करंगळीच्या नखाहून लहान. तेवढ्याच वाफ्यात जास्त रोपं दाटली तर प्रत्येकाला ऊन कमीच मिळणार. शिट्टी झाली, आले.

फेरीबोट:
रायबंदरहून चोडणला रोज जायचो. खारफुटीत खंड्या बसलेला असायचा, त्याच्यासाठी कॅमेरा घेतला. खोक्यावर मोठ्ठं १२ एक्स. घरी येऊन बारीक अक्षरं वाचली तर भिंगाचा झूम ३, बाकी ४ पट डिजिटल, म्हणजे आहे तोच फोटो कापून मोठा करणं. खंड्या म्हणजे निळा ठिपका. 'ऑप्टिकल'पुढचा आकडा तेवढा वाचायचा, बाकी सोडून द्यायचं.

सुंगटांची कढी:
फोनवरही ठिपकाच येतो हो 😀

फेरीबोट:
हल्ली फेरीच्या रांगेत इतका वेळ जातो की खंड्याच जवळ येऊन विचारतो, पात्राव, खंय वता? (साहेब, कुठे चाललात?)

डिचोलीकर:
सेलचं कोणीच बोललं नाही. रिमोटला घालतो ते साधे सेल घालून शिमग्याला गेलो. रोमटामेळ, म्हणजे ढोलांची मिरवणूक, वळणावर दिसला, ढोल समोर येईपर्यंत ११ फोटोंत सेल गार. कॅमेऱ्याला एकदम जोराचा करंट लागतो, साध्या सेलला तो झेपत नाही. मग चार्जिंगचे घेतले, निकेल मेटल हायड्राइड. लिहिलेले व्होल्ट कमी, १.५ ऐवजी १.२, तरी फ्लॅशसकट दिवस काढतात. असे कॅमेरे जाडे म्हणून पोरं नाक मुरडतात. पण पेन्सिल सेल गावच्या पसरकाराकडेही मिळतो. चपट्या कॅमेऱ्याची खास बॅटरी बाजारातून गेली की कॅमेरा शोकेसमध्ये.

पाऊसपाणी:
आम्ही सत्तरी तालुक्यातले. पावसात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे लेन्सचं काय घेऊन बसलात. माझ्या कॅमेऱ्यात कोळ्याचं जाळं असावं तशी पसरली. दुरुस्तीचा आकडा ऐकून तसाच घरी आणला. दुसरा घेतला तेव्हापासून घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की समजायचं ओल प्यायले, तापवले की परत निळे. भाकरीच्या तव्यावर तापवू नका, आमच्याकडे त्यावरून बायकोचा दोन दिवस अबोला होता. आणि चामड्याचं कव्हर पावसात काढून ठेवा, तेच ओल धरतं.

केप्याची काकू:
बरं केलं तिने! ते दाणे पोटात जाण्यासारखे नाहीत. मुलांपासूनही लांब ठेवा.

मोरजीची वाळू:
आमचा गेला किनाऱ्यावर. लेन्स बाहेर येताना कर्रर्र, मग अर्ध्यात अडकली. फुंकर मारली, मांडीवर आपटला, काही नाही. कंपनीचं नाव घेत नाही, वाळू गेली तर कुठलाही असाच रुसणार. जुना घेणार असाल तर पाच-सहा वेळा चालू-बंद करून कान लावून ऐका.

कार्डवाली:
जुना घेताना आधी कार्डाचा खण बघा!! ऑलिंपस आणि फुजीच्या जुन्यांना एक्सडी, सोनीच्या सायबरशॉटना मेमरी स्टिक. सोनी २०१० च्या सुमारास एसडीही घ्यायला लागली. एसडीवाल्यांतही बरेच जुने २ जीबीपुढचं ओळखत नाहीत. मी ३२ चं कार्ड हौसेने घेतलं, ते अजून तसंच आहे. नवाच हवा तर कोडॅक पिक्सप्रो एफझेड४५ शोधा, तो दोन पेन्सिल सेलवर चालतो. फक्त कोडॅक नाव बघून भावनिक होऊ नका, मूळ कंपनीने २०१२ मध्येच डिजिटल कॅमेरे सोडले, आता त्या नावाने दुसरेच बनवतात.

सुंगटांची कढी:
माटोळीचा फोटो कसा काढता तुम्ही लोक? दरवर्षी पुढचे नारळ पांढरेफटक आणि मागे गणपती काळोखात

डिचोलीकर:
फ्लॅश बंद कर. कॅमेरा स्टुलावर ठेव, २ सेकंदांचा टायमर लाव आणि हात मागे घे. समया लावलेल्या असतील तर त्यांच्याच उजेडात बरा येतो.

माळ्यावरचा:
देव बरें करूं सगळ्यांना. भाचीने ए४८० वरच डोळा ठेवलाय, आजी कॉपी केल्याशिवाय देणार नाही म्हटलं. उद्या शुक्रवार, म्हापशाला तिच्यासाठी एक-दोन जुने बघून येतो. लेन्स ऐकतो, कार्डाचा खण बघतो.

केप्याची काकू:
म्हापशाला जाताय तर माटोळीला लागतं त्या मावळिंगाचा काय भाव तो बघा हो. आमच्याकडे सांगतात तो ऐकूनच पोट भरतं.

पाऊसपाणी:
मावळिंग विकत?! वाळपईला या, रानातून काढून देतो. माटोळीला कांगोण्यापण.

केप्याची काकू:
पत्ता मेसेजात टाका.