मदत हवी आहे : टूम्ब रेडरकडे खूप वर्षांनी परततोय, कंट्रोल्स कोणते ठेवू?

मंडळी, शाळेत असताना टूम्ब रेडर या व्हिडिओ गेमचे पहिले तीन भाग (१९९६ ते १९९८) अक्षरशः जगलो होतो. मग नोकरी, संसार, आणि गेमिंग पार सुटलं. आता २०२४ मध्ये आलेलं तिन्ही भागांचं रीमास्टर (नव्या ग्राफिक्समधली आवृत्ती) घेतलंय. एका बटणावर जुने ग्राफिक्स परत येतात, ते पाहून खरंच गहिवरून आलं.

अडचण कंट्रोल्सची आहे. यात जुने टँक कंट्रोल्स आहेत (डावं-उजवं दाबलं की पात्र जागीच वळतं, पुढे दाबलं की तोंड असेल तिकडे जातं) आणि मॉडर्नही. मॉडर्नमध्ये गेमची नायिका लारा स्टिक फिरवू तिकडे वळते, चालायला छान वाटतं, पण उड्यांचा अंदाज सारखा चुकतो. जुन्यात हिशोब पक्का असायचा. सगळी लेव्हल चौकोनांवर बांधलेली. वॉकचं (हळू चालण्याचं) बटण दाबून कडेपर्यंत जायचं, एक उडी मागे, मग धावत झेप. हे डोक्याला आठवतंय, बोटं मात्र विसरली आहेत. पहिल्या भागातल्या सेंट फ्रान्सिस फॉली या लेव्हलच्या त्या उंच दालनात थॉरच्या दारापर्यंत पोचताना काल किती वेळा खाली पडलो, मोजलं नाही.

मोठ्या खंडानंतर परतलेल्यांनी सांगा, टँक कंट्रोल्स हातात बसायला तुम्हाला किती दिवस लागले? कीबोर्ड बरा की गेमपॅड? सरावासाठी लाराच्या घरातली लेव्हल पुरेशी आहे का?

आणखी एक. तिसऱ्या भागात भारतातल्या लेव्हल्सनंतर पुढच्या ठिकाणांचा क्रम आपण निवडतो. नेवाडात सगळी शस्त्रं काढून घेतात, म्हणून तिथे आधीच जावं असं मला वाटतं. तुम्ही काय केलंत? पुढचं कथानक मात्र सांगू नका, बरंचसं विसरलोय आणि ते नव्याने अनुभवायचंय.