पद्मिनीच्या पत्र्याच्या कामासाठी कोणता अँगल ग्राइंडर घ्यावा?

धायरीचा_फियाटवाला

नमस्कार मंडळी. मामांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी आता माझ्याकडे आली आहे. इंजिन ठीक आहे, पण पत्र्याची अवस्था वाईट. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं तर फ्लोअरचा भुगा हाताला लागला. दोन्ही बाजूंना दाराखालचा पत्रा फुगलाय, बॅटरीच्या खालीही गंज आहे. वेल्डिंग ओळखीचे एक वेल्डर करून देणार आहेत. कापणं, घासणं, गंज काढणं मी स्वतः करणार, सुट्टीच्या दिवशी.

पुण्यात बोहरी आळीत तीन दुकानं फिरलो. एक म्हणाला साडेआठशे वॅटच्या खाली बघूच नका. दुसरा म्हणाला पाच इंची डिस्कचं घ्या. तिसऱ्याने नाव न ऐकलेलं एक स्वस्त मशिन पुढे केलं आणि "सगळे गॅरेजवाले हेच नेतात" म्हणाला. डिस्क धरून बजेट पाच हजार. मशिन वर्षभर तरी कुरकुर न करता चालावं एवढीच अपेक्षा आहे. काय घेऊ?

जुना_टूलरूमवाला

भोसरीत टूलरूममध्ये नोकरी झाली. तिथले ग्राइंडर उघडणं, कार्बन (फिरत्या मोटरला वीज पोचवणारे छोटे ठोकळे) बदलणं, आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला फिरणारा भाग) रिवाइंडिंगला पाठवणं हे माझ्याकडेच असायचं. त्यामुळे मशिन का मरतं ते सांगू शकतो.

तुमच्या गाडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपासचा. एवढं लक्षात ठेवलं की निम्मे प्रश्न सुटतात. त्याला ताकद लागत नाही, हात हलका लागतो. चार इंची, साडेसहाशे ते साडेआठशे वॅटमधलं कुठलंही चांगलं मशिन पुरेल. बॉशचं जीडब्ल्यूएस ६०० (६६० वॅट) किंवा मकिताचं ९५५३बी (७१० वॅट) डोळे मिटून घ्या. आपल्या शिरोळच्या केपीटीचंही एकदा हातात धरून बघा. पाच इंची मशिन वाईट नसतं, पण दाराखालच्या खोबणीत आणि चाकाच्या कमानीत ते घुसत नाही, आणि तासभर धरलं की मनगट बोलायला लागतं.

दुकानात वॅट विचारण्याआधी हे विचारा: "या मॉडेलचे कार्बन आत्ता काढून दाखवा." दाखवता आले नाहीत तर मशिन कितीही छान असो, परत ठेवा. कार्बन ही झिजणारीच वस्तू आहे, ती मिळाली नाही की चांगलं मशिन माळ्यावर जातं. कार्बन बदलायला बाहेरून टोपी फिरवावी लागते की पूर्ण बॉडी उघडावी लागते, तेही बघा. मग प्लग न लावता स्पिंडल, म्हणजे डिस्क बसते तो दांडा, बोटांत धरून हलवा. खडखड लागली तर बेअरिंग ढिलं आहे. शेवटी मशिन चालू करून मोकळं फिरू द्या. गिअरचा आवाज एकसारखा हवा, मध्येच खरखर नको. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, नाहीतर वॉरंटीचा उपयोग नाही.

आता स्विच. यावर मी भांडायला तयार आहे. बऱ्याच चार इंची मशिनला सरकवायचा स्विच असतो, पुढे ढकलला की अडकून राहतो. आपल्याकडे गुरुवारी लाइट जाते. तुम्ही मशिन तसंच खाली ठेवून चहाला गेलात आणि लाइट आली, तर ते जमिनीवर नाचायला लागतं. म्हणून दाबून धरायचा पॅडल स्विच बघा, हात सुटला की बंद होतो. काही मशिनमध्ये लाइट परत आली तरी स्विच पुन्हा चालू केल्याशिवाय फिरायचं नाही अशी सोय असते, तीही चालेल. दोन्ही नसेल तर लाइट गेल्या क्षणी प्लग काढायची सवय लावा.

आर्मेचर जळतं ते बहुतेक दाबल्यामुळे. तुम्ही जोर दिला की वेग पडतो, करंट वाढतो, आणि त्याच शाफ्टवरचा पंखा मंदावल्यामुळे वाराही कमी होतो. म्हणजे गरम जास्त आणि गार कमी. कापून झालं की अर्धा मिनिट मोकळं फिरवा, मग बंद करा. फिरतं मशिन लोखंडाच्या किसावर ठेवू नका, तो सगळा आत ओढला जातो, आणि लोखंडाची धूळ वीज वाहते. काम संपल्यावर ब्लोअरने जाळ्या साफ करा.

कात्रज_डेंटिंग

काकांचं स्विचबद्दल शंभर टक्के बरोबर. एका गोष्टीत माझं मत वेगळं आहे. जुन्या गाडीसाठी वेग कमी-जास्त करता येणारं मशिन घ्या, बॉशच्या ९००-१०० एसला वेग ठरवायची छोटी फिरकी आहे. थोडे पैसे जास्त जातील. पण चार इंची डिस्क ११,००० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) फिरते तेव्हा तिच्या कडेचा वेग सेकंदाला जवळपास ५८ मीटर असतो, आणि तो पातळ पत्र्याला सोसत नाही.

पत्र्याकडे नीट बघत काम करा. आधी तो गवतासारखा पिवळा होतो, मग तपकिरी, मग निळा. निळा दिसला म्हणजे उशीर झाला. तो भाग ताणला जातो, गार झाल्यावर अंगठ्याने दाबला की डब्याच्या झाकणासारखा टक्‌टक् वाजतो. मग वर कितीही लांबी (पुट्टी) भरा, उन्हात उभी केली की ती लाट दिसते. एका जागी थांबू नका, चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे असं फिरत राहा.

रंग आणि वरवरचा गंज काढायला ग्राइंडिंग व्हील मुळीच लावू नका. काळी स्पंजासारखी स्ट्रिप डिस्क मिळते, ती रंग खाते, पत्रा खात नाही. वेल्डिंगचे टाके घासून सपाट करायला ६० किंवा ८० नंबरची फ्लॅप डिस्क (सँडपेपरच्या पाकळ्यांची). कापायला एक मिलिमीटरचं कटिंग व्हील, आणि त्याच्या चपट्या बाजूने कधीही घासू नका.

पावसाळ्यात उघडा केलेला पत्रा रात्रभर तसाच ठेवू नका. संध्याकाळपर्यंत जेवढा साफ होईल तेवढाच उघडा, आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्राइमर मारा.

वारजे_फॅब्रिकेशन

कोणी लिहिलं नाही म्हणून सांगते. ठिणग्या काचेवर उडाल्या की गरम कण काचेत रुततात, पुसून जात नाहीत. पद्मिनीची चांगली काच शोधायला मंगळवार पेठ पालथी घालावी लागेल. काचा जाड ओल्या गोणपाटाने झाका, सीट बाहेर काढा. मागच्या बाजूला काम असेल तर पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवा. नुसती रिकामी करून भागत नाही, आतली वाफच जास्त धोक्याची. चष्मा असला तरी वरून फेस शील्ड, आणि हातमोजे घट्ट बसणारे. सैल सुती मोजा फिरत्या वायर ब्रशमध्ये गुंडाळला जातो.

चांगल्या कंपनीचा कॉर्डलेस ग्राइंडर तुमच्या बजेटमध्ये बॅटरीसकट बसणार नाही, त्याच्या मागे लागू नका.

धायरीचा_फियाटवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. वेग बदलणारं मशिनच बघतो, नाही जमलं तर ६६० वॅटचं. एक शंका. दुकानदार म्हणाला, चार इंची घ्या आणि मोठं काम आलं की गार्ड (डिस्कवरचं संरक्षक झाकण) काढून पाच इंची चाक लावा. चालतं का?

जुना_टूलरूमवाला

नाही. ते दुकान सोडा.

चार इंची मशिनच्या डिस्कचं भोक १६ मिमी, पाच इंचीचं २२.२३ मिमी. मोठ्या भोकाचं चाक लहान फ्लॅन्जवर (डिस्क आवळून धरणारी चकती) मध्यावर बसतच नाही, थरथरतं. आणि गार्ड नसताना ते फुटलं तर तुकडे थेट तोंडाकडे येतात. सात इंची तर विचारूच नका, ती डिस्क साधारण ८,५०० आरपीएमसाठी बनवलेली असते आणि तुमचं मशिन ११,००० ला फिरतं. प्रत्येक डिस्कवर कमाल वेग छापलेला असतो, तो मशिनवरच्या आकड्यापेक्षा जास्तच हवा. वायर ब्रश आणि स्ट्रिप डिस्कवरचा आकडा तर खास बघा, तो बरेचदा कमी असतो. कटिंग व्हीलच्या मधल्या पत्र्याच्या कड्यावर महिना-वर्ष कोरलेलं असतं, ती शेवटची तारीख. उलटून गेलेलं चाक फुकट मिळालं तरी घेऊ नका, आतला रेझिन (कण धरून ठेवणारा चिकट पदार्थ) कमजोर झालेला असतो.

मशिनसोबत कार्बनचा एक जास्तीचा जोड आत्ताच घ्या. एक्सटेन्शन लागणार असेल तर १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, आणि ती पूर्ण उलगडून वापरा.