चर्चा: फोन घेताना बॅटरीला महत्त्व द्यावे की डॉकच्या (फोन जोडायच्या बैठकीच्या) सोयीला?

विजेरी (चर्चाप्रस्ताव)

मोटोरोलाने २०१२ च्या सुरुवातीला ड्रॉइड रेझर मॅक्स आणला, तेव्हा त्याच्या ३३०० एमएएच (बॅटरीच्या क्षमतेचे एकक) बॅटरीचे मोठे अप्रूप वाटले होते. मूळ रेझरच्या तुलनेत क्षमता जवळपास दुप्पट झाली होती आणि जाडी मात्र दोन मिलिमीटरनेही वाढली नव्हती. त्याच्या वर्षभर आधी याच कंपनीने अ‍ॅट्रिक्स या फोनसाठी लॅपडॉक काढला होता. त्याला ११.६ इंची पडदा, कीबोर्ड आणि स्वतःची बॅटरी होती, पण स्वतःचा प्रोसेसर नव्हता. मागच्या बाजूला फोन बसवला की त्यात जीव येई आणि काम चालू असतानाच फोनही चार्ज होत राही.

या दोनपैकी बॅटरीची कल्पना टिकली, लॅपडॉकची टिकली नाही, आणि त्याला कारण आहे असे मला वाटते. डॉक फोनपेक्षा जास्त वर्षे टिकतो, मात्र चालतो तो फोनच्याच जिवावर. अ‍ॅट्रिक्सचे यूएसबी आणि एचडीएमआय (पडद्याकडे चित्र पाठवणारे) पोर्ट शेजारीशेजारी होते आणि लॅपडॉकच्या पिना नेमक्या तेवढ्याच अंतरावर बसवलेल्या होत्या, त्यामुळे वेगळ्या ठेवणीचा फोन त्यावर बसणे शक्यच नव्हते. पुढे हौशी मंडळींनी निरनिराळे अ‍ॅडॉप्टर लावून त्याला रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक जोडला, हीच काय ती त्याची सद्गती. म्हणून पैसे बॅटरीसाठी मोजावेत, डॉकसाठी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

तारायंत्र

आपण पोर्टचा दोष डॉकच्या माथी मारत आहात. सॅमसंगने २०१७ मध्ये गॅलेक्सी एस८ बरोबर डेक्स ही फोन मॉनिटरला जोडून संगणकासारखा वापरण्याची सोय आणली, तेव्हा त्यासाठी डेक्स स्टेशन हा वेगळा डॉक लागत असे. पुढच्याच वर्षी नोट ९ या फोनला साधा यूएसबी-सी ते एचडीएमआय अ‍ॅडॉप्टर पुरू लागला. वीज, चित्र आणि माहिती एकाच केबलमधून जाऊ लागल्यावर डॉक विशिष्ट फोनला बांधलेला राहिला नाही. मी रोज टेबलाशी बसताना एकच केबल जोडतो. मॉनिटर, कीबोर्ड आणि चार्जिंग एकदमच सुरू होते, आणि उठताना फोन भरलेला असतो. बैठे काम करणाऱ्याने मग मोठ्या बॅटरीचे ओझे खिशात का वागवावे?

विजेरी

एकाच केबलचे हे चित्र लोभस आहे, पण पोर्टचा आकार सारखा असला म्हणजे आतली सोयही सारखी असते असे नाही. कितीतरी फोनच्या यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर जातच नाही आणि खोक्यावर त्याचा उल्लेखही नसतो. मी एकदा हौसेने हब (एका पोर्टला अनेक उपकरणे जोडायची डबी) घेतला, फोन जोडला, तर मॉनिटर काळाच राहिला आणि फोनवर चार्जिंगची खूण तेवढी उमटली. अ‍ॅट्रिक्सच्या वेळी पिना बसणार नाहीत हे निदान डोळ्यांना दिसत होते; आता घरी येऊन जोडून पाहीपर्यंत काहीच कळत नाही.

ओहम

दोघांच्याही बोलण्यात उष्णतेचा मुद्दा राहून गेला आहे. लिथियम-आयन बॅटरी दोन गोष्टींनी लवकर म्हातारी होते: सतत पूर्ण भरलेली राहिल्याने आणि तापल्याने. डॉकवरचा फोन एकीकडे चार्ज होत असतो आणि दुसरीकडे मोठा पडदा चालवत असतो, म्हणजे या दोन्ही गोष्टी त्याच्या वाट्याला तासन्‌तास येतात. सॅमसंगने त्या डेक्स स्टेशनमध्ये पंखा बसवला होता, तो उगाच नव्हे. तारायंत्र यांनी चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा घालावी आणि फोनचे कव्हर काढून ठेवावे. काही फोनमध्ये बॅटरीला वळसा घालून थेट वीज घेण्याची सोय असते, ती असेल तर उत्तमच.

विजेरी यांनाही एक सांगणे आहे. नुसता एमएएचचा आकडा पाहून फोन घेऊ नये, कारण तो नव्या बॅटरीचा असतो. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या फोनच्या बॅटरीत ८०० चार्जिंग-चक्रांनंतरही (पूर्ण भरून वापरण्याच्या फेऱ्यांनंतरही) किमान ८० टक्के क्षमता शिल्लक असली पाहिजे, असा नियम आहे. मला विचाराल तर खरेदीच्या वेळी चक्रांचा आकडा आधी पाहावा.

सांजवात

डॉक म्हटले की सगळ्यांना लॅपटॉपच का आठवतो? माझा फोन रात्री उशाशी स्टँडवर घड्याळ होतो आणि गाडीत नकाशा दाखवतो. अशा साध्या स्टँडला मॉडेलचे सोयरसुतक नसते.

तारायंत्र

ओहम यांचा मुद्दा मान्य आहे. माझा फोन दुपारपर्यंत हाताला चटका बसण्याइतका तापतो, हे मी मघाशी सोयीस्करपणे लिहिले नव्हते. मर्यादा आज ८० टक्क्यांवर आणली आहे. तरीही विजेरी यांच्याशी मतभेद कायम आहे: पोर्टची माहिती खोक्यावर नसेल तर ती छापायला लावावी, डॉकच नको म्हणू नये.

विजेरी

छापली की हब पुन्हा बाहेर काढीन. तोवर तो खणात आहे.